माझ्या लेकीची उंची कोणत्या रजिस्टरमध्ये लिहू?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : मज्जारज्जूला इजा झालेल्या मुलांची राज्यात नोंद, पाठपुरावा आणि संशोधन होण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

मी अंगणवाडी सेविका आहे, मराठवाड्यातल्या एका लहान गावात. महिन्यातून एकदा आमच्याकडे वजन-उंचीचं काम असतं. दोन वर्षांखालचं बाळ आडवं झोपवून मोजायचं, एकीने डोकं धरायचं, दुसरीने गुडघे. मोठी मुलं टाचा भिंतीला टेकवून उभी करायची. आकडा मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये भरायचा. गेल्या महिन्यापेक्षा बाळ अर्धा सेंटिमीटर वाढलं म्हटलं की त्याच्या आईचा चेहरा कसा उजळतो, ते मी वीस वर्षं बघते आहे.

माझी लेक आता १३ वर्षांची आहे. तिची उंचीही मीच मोजते. ती उभी राहू शकत नाही, म्हणून खाटेवर झोपवून दोन्ही हात पसरायला सांगते आणि एका मधल्या बोटापासून दुसऱ्या मधल्या बोटापर्यंत शिलाईची टेप धरते. तो आकडा वाढला की माझ्या पोटात गोळा येतो. गेल्या दिवाळीत तिने टेप हातात धरूनच मला विचारलं, "आई, मी वाढू नये असं वाटतं का गं तुला?" त्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. हे पत्र त्यासाठी लिहिते आहे.

ती चार वर्षांची असताना उन्हाळ्यात शेजारच्या घराच्या माळवदावरून पडली. कठडा नव्हता. रडली, पण पाय हलवत होती. जवळच्या दवाखान्यात नेलं, पाठीचा एक्स-रे काढला. हाडं जागच्या जागी होती. "घाबरली आहे पोर, घरी न्या," असं सांगितलं. मोटारसायकलवर आमच्या दोघांच्या मध्ये बसवून आम्ही तिला घरी आणलं. रात्री म्हणाली, पायात मुंग्या येतात. सकाळी उठून उभी राहायला गेली आणि गुडघ्यात दुमडून खाली बसली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की संध्याकाळपासून तिला लघवी झालेली नाही. तिसऱ्या दिवशी शहरात एमआरआय झाला. छातीच्या चौथ्या मणक्याजवळ मज्जारज्जूला मार बसला होता.

त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. एक्स-रे खरोखरच चांगला होता. लहान मुलांचं असं का होतं, हे मला फार उशिरा कळलं. माझी भाची नर्सिंगमध्ये एमएस्सी करते. ती इंग्रजी लेख शोधते, दर रविवारी फोनवर मला मराठीत समजावून सांगते आणि मी वहीत उतरवून घेते. लहान मुलाचा कणा कोवळ्या फांदीसारखा असतो, वाकतो आणि परत सरळ होतो. आतला मज्जारज्जू मात्र तेवढा ताण सोसत नाही. नवजात बाळाच्या मणक्यांची माळ दोन इंचांपर्यंत ताणली जाऊ शकते, पण मज्जारज्जू पाव इंचातच तुटतो, हे १९६० मध्येच लिहून ठेवलेलं आहे. १९८२ मध्ये पँग आणि विल्बर्गर या अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी या प्रकाराला नावही दिलं. डॉक्टर मंडळी त्याला स्कायवोरा म्हणतात. एक्स-रेत काही न दिसता मज्जारज्जूला झालेली इजा, असा त्याचा अर्थ. काही मुलांचे पाय पडल्या पडल्या चालतात आणि काही तासांनी, कधी दोन-चार दिवसांनी जातात. मधल्या वेळात मूल हलू न देणं एवढं एकच काम हाती असतं, आणि त्या मधल्या वेळातच माझी लेक खड्ड्यांच्या रस्त्यावरून मोटारसायकलवर बसून घरी आली.

माझ्या गावात ही गोष्ट १९८२ नंतर ३५ वर्षांनीसुद्धा पोचली नव्हती. एक साधं कागदाचं पान प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात भिंतीला लावता येईल : मूल उंचावरून पडलं आणि क्षणभर जरी पायात मुंग्या आल्या, बळ गेलं, तर एक्स-रे चांगला आला म्हणून घरी पाठवू नका, हलवू नका, एमआरआयला पाठवा. त्याच पानावर आणखी एक ओळ हवी. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं. जखमींना उचलून नेतात त्या मोठ्या माणसाच्या सपाट फळीवर झोपवलं, की डोकं वर उचललं जाऊन मान पुढे वाकते. हर्झेनबर्ग नावाच्या डॉक्टरांनी १९८९ मध्ये हे दाखवून दिलं, तेही फक्त दहा मुलांवरून. उपाय काय, तर मुलाच्या खांद्या-पाठीखाली चादरीची घडी घालायची. १०८ च्या गाडीत चादर असतेच.

आता वाढीचं सांगते. आम्हाला वाटलं होतं, जे व्हायचं ते एकदाच होऊन गेलं. पाय गेले, ते स्वीकारू, पुढे जाऊ. मोठ्या माणसाच्या बाबतीत ते काही अंशी खरं असेल. मुलाच्या बाबतीत इजा तिथे थांबत नाही, ती मुलाबरोबर वाढते. पाठीच्या स्नायूंत जोर नाही आणि हाडं मात्र लांब होत आहेत. मांडवाचा आधार नसलेला वेल वाढेल तसा एका अंगाला कलतो, तसा कणा कलतो. अमेरिकेतल्या श्राइनर्स रुग्णालयांच्या १९९० सालच्या अभ्यासात वयात येण्याआधी इजा झालेल्या मुलांपैकी शंभरात सत्त्याण्णव मुलांचा कणा वाकला होता. वयात आल्यावर इजा झाली त्यांच्यात हेच प्रमाण निम्म्याच्या आसपास होतं. म्हणजे चार वर्षांच्या पोरीचा कणा पुढे वाकणार, हे पहिल्या दिवसापासून माहीत असलेली गोष्ट होती. आम्हाला तीन वर्षं कोणी सांगितली नाही.

लेक सात वर्षांची असताना मी तिला आंघोळ घालत होते. साबण लावताना हाताला लागलं, की डाव्या बाजूची बरगडी पाठीमागून फुगल्यासारखी झाली आहे. मुंबईला नेलं तोवर वळण २६ अंशांचं झालं होतं. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं, की वळण दहा अंशांच्या आत असतानाच प्लास्टिकचा पट्टा सुरू केला तर बऱ्याच मुलांची शस्त्रक्रिया टळते किंवा काही वर्षं लांबते. हाही २००४ मध्ये छापून आलेला अभ्यास आहे. आमची वेळ निघून गेली होती. तरी पट्टा लावला. दर वर्ष-दीड वर्षाला तो तोकडा होतो, मग परत मुंबई, परत माप. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात तो पट्टा अंगावर ठेवायचा म्हणजे काय, ते तिच्या काखेखालचे घामोळ्यांचे चट्टे बघून कळेल. आज वळण ४८ अंशांवर आहे. आता गज टाकण्याची मोठी शस्त्रक्रिया करावी लागणार. शस्त्रक्रियेला शासनाच्या योजनेतून पैसे मिळतील. जो पट्टा वेळेत मिळाला असता तर ती कदाचित लागली नसती, त्या पट्ट्याला आजवर आम्हाला कधी काही मिळालेलं नाही.

कणा नजरेला तरी दिसतो. लघवीची पिशवी दिसत नाही. मेंदूचा निरोप पोचत नाही म्हणून पिशवी भरते, आवळते, पण रिकामी होत नाही, आणि आतला दाब हळूहळू मूत्रपिंडावर चढतो. दुखत काहीच नाही, म्हणून मूल सांगतही नाही. त्यासाठी दर चार तासांनी नळी घालून लघवी काढायची. पूर्वी हे फक्त निर्जंतुक हातमोजे घालून दवाखान्यात करत. १९७२ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या डॉ. जॅक लॅपिडस यांनी दाखवलं, की स्वच्छ धुतलेल्या हातांनी, स्वच्छ नळीने, घरी केलं तरी चालतं, फक्त वेळ चुकवायची नाही. त्या एका माणसाच्या संशोधनावर माझ्या लेकीची मूत्रपिंडं आज शाबूत आहेत. पहाटे साडेपाचला मी चहाच्या आधी स्टीलच्या डब्यात नळी उकळते. आठव्या वर्षी तिने छोटा आरसा मांडीत धरून स्वतःची स्वतः नळी घालायला शिकून घेतलं, आणि त्या दिवशी आमच्या घरी पुरणपोळी झाली. दिवसाला पाच वेळा म्हणजे महिन्याला दीडशे नळ्या. एवढ्या विकत घेणं झेपत नाही, म्हणून एकच नळी उकळून चार-चार दिवस वापरतो.

शाळेत पाचवीत असताना एकदा माझी बैठक लांबली, शाळेतल्या संडासात खुर्ची जात नाही आणि तिची वेळ दोन तास टळली. मला बोलावणं आलं. चेहरा लालबुंद, कपाळावर घामाचे थेंब, डोकं फुटेल म्हणून रडत होती. बाईंनी ऊन लागलं समजून लिंबूसरबत दिलं होतं, बाकावर आडवी निजवली होती. गावातल्या डॉक्टरांनी बीपी पाहिलं. १२०. "अगदी नॉर्मल आहे," म्हणाले. मी नळी घातली, पिशवी रिकामी झाली आणि दहा मिनिटांत सगळं उतरलं. नंतर भाचीने समजावलं. छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा असेल तर पिशवी तुंबली, पोट साफ झालं नाही, एवढ्यानेही रक्तदाब एकदम उसळतो. लेकीचं रोजचं बीपी ९० असतं. मुलाच्या रोजच्या आकड्यापेक्षा १५ ने वाढलं तरी धोक्याचं मानतात, तिचं ३० ने वाढलं होतं. तिला निजवायला नको होतं, उठून बसवायला हवं होतं. मेंदूत रक्तस्राव होऊन मूल दगावूही शकतं. मोठ्या माणसाला १२० चांगलं, म्हणून पोरीलाही चांगलं धरलं गेलं. त्या डॉक्टरांना कोणी शिकवलंच नव्हतं. आता तिच्या दप्तरात मी एक जाड कार्ड ठेवलं आहे, त्यावर तिचं रोजचं बीपी आणि काय करायचं ते मराठीत लिहिलं आहे.

बाकीचं थोडक्यात सांगते. उभं राहिल्याशिवाय खुब्याची वाटी नीट घडत नाही, तिचा डावा खुबा सटकलेला आहे. हाडं ठिसूळ झाली आहेत, व्यायाम देताना मांडीचं हाड मोडलं तेव्हा गुडघा सुजल्यावर आम्हाला कळलं. अंगणवाडीतल्या वाढदिवसाला फुगा फुगवला आणि ओठ सुजले. सतत रबरी नळ्या-मोज्यांच्या संपर्कात राहिलेल्या मुलांना रबराची ॲलर्जी होते, हेही त्यानंतर समजलं. आणि एकदा मधल्या सुट्टीत मैत्रिणीने खिचडीचा गरम डबा सहज तिच्या मांडीवर ठेवला. जेवण संपेपर्यंत तो तिथेच होता. मांडीवर डब्याच्या तळाएवढा गोल फोड आला, तो भरायला दोन महिने लागले.

महोदय, यातली एकही गोष्ट दैवाने अचानक आणलेली नाही. कोणत्या वयात काय होणार, याचं जणू वेळापत्रक लिहून ठेवलेलं आहे. आमच्या लसीकरणाच्या कार्डावर जशा तारखा असतात, तशा या मुलांच्या तपासण्यांच्या तारखा असू शकतात. पण ते वेळापत्रक दुसऱ्या देशातल्या मुलांवरून बनलं आहे. तिथलं मूल गाडीच्या अपघातात जायबंदी होतं, आमचं माळवदावरून, जांभळाच्या झाडावरून, उसाच्या ट्रॉलीवरून पडतं. तिथली नळी एकदाच वापरून टाकून देतात. उकळून वापरलेल्या नळीने आमच्या मुलांना किती वेळा जंतुसंसर्ग होतो, उन्हाळ्यात पट्टा किती तास घातला तर पुरतो, जमिनीवर सरपटणाऱ्या मुलाची कातडी कशी जपायची, हे प्रश्न आमचे आहेत आणि त्यांची उत्तरं आमच्याच मुलांत शोधावी लागतील. मुलांना वगळून शोधलेली उत्तरं कशी असतात तेही पाहा. मज्जारज्जूच्या इजेनंतर स्टेरॉइडचा मोठा डोस द्यायची पद्धत ज्या १९९० च्या चाचणीवरून जगभर रूढ झाली, तिच्यात १३ वर्षांखालचं एकही मूल घेतलेलं नव्हतं. तरी ते औषध मुलांना दिलं गेलं.

संशोधन या शब्दाला आम्ही एकदा फसतही आलो होतो. मूलपेशींची, म्हणजे स्टेम सेलची, इंजेक्शनं दिली की पोर चालेल, असं सांगणारा एक दवाखाना भेटला. नवरा एक एकर विकायला निघाला होता. भाचीने भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून दाखवली. या आजारावर मूलपेशींचा उपचार मान्यताप्राप्त नाही, परवानगी असलेल्या चाचणीबाहेर तो देताच येत नाही, आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. जमीन वाचली. सगळ्यांच्या घरी भाची नसते. खरं संशोधन गावापर्यंत येत नाही, तिथे हे लोक येतात.

वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक माझ्या अंगणवाडीत येतं. चांगलं काम करतात, मी स्वतः त्यांच्यासोबत मुलं उभी करते. त्यांच्या तीस आजारांच्या यादीत जन्मतःच कण्यात दोष असलेलं बाळ आहे. पडून मज्जारज्जू दुखावलेलं मूल नाही. निरामय विमा योजना स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारांसाठी आहे, त्यातही आम्ही बसत नाही. अपंगत्वाच्या दाखल्यावर 'अस्थिव्यंग' एवढंच येतं. पोलिओने पाय गेलेलं मूल आणि माझी लेक त्या शब्दात सारखीच दिसतात. पोलिओच्या मुलाला लघवी कळते, डबा भाजलेला कळतो. तुमचं आरोग्य खातं, वैद्यकीय शिक्षण, दिव्यांग कल्याण, शालेय शिक्षण आणि माझं महिला व बालविकास, अशा पाच खात्यांत आमची मुलं विखुरलेली आहेत आणि त्यांचा आकडा एकाही टेबलावर सापडत नाही. जखमी जवानांसाठी पुण्यात खडकीला पुनर्वसन केंद्र आहे, मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची जुनी संस्था आहे. लहान मुलांसाठी असं घर शोधत आम्ही नऊ वर्षं हिंडतो आहोत.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २८ म्हणतं, की पुनर्वसनाला उपयोगी पडेल असं संशोधन शासनाने सुरू करावं. यासाठी इमारत बांधायला मी सांगत नाही. आधी नोंदवही हवी. राज्यात ज्या मुलाच्या मज्जारज्जूला इजा झाली, अपघाताने, क्षयाने, गाठीने, कशानेही, त्याचं वय, इजेची जागा, दर सहा महिन्यांनी कण्याचं वळण, मूत्रपिंडाची सोनोग्राफी, जखमा, शाळा सुरू आहे की सुटली, एवढे रकाने. भरायला आशाताई आहेत, आम्ही आहोत. शिकागोच्या श्राइनर्स रुग्णालयात डॉ. लॉरेन्स व्होगेल यांच्या चमूने मुलं मोठी झाल्यावरही वर्षानुवर्षं नुसते फोन करून माहिती जमवली. त्यातून कळलं, की पुढे आयुष्यात समाधान मिळालं की नाही हे इजा कितव्या मणक्याला झाली यापेक्षा शिक्षण झालं का, काम मिळालं का, चार माणसांत जाता येतं का, यावर जास्त ठरतं. फोन तर आपल्याकडेही आहेत.

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठात दरवर्षी एमडी-एमएस करणारे शेकडो डॉक्टर प्रबंध लिहितात, लिहावाच लागतो. वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांशी बोलून त्यातले दहा विषय तरी या मुलांसाठी ठेवता येतील. आणि विभागात एका तरी शासकीय महाविद्यालयात महिन्यातला एक दिवस असा ठरवा, की मूत्ररोगाचे, हाडांचे, मेंदूचे डॉक्टर आणि फिजिओ एकाच व्हरांड्यात भेटतील. आज आम्ही एका तपासणीसाठी मुंबईच्या चार फेऱ्या मारतो, प्रत्येक फेरीत रेल्वेच्या डब्यात चादर आडवी धरून नळी घालतो. ती आता १३ वर्षांची आहे, गेल्या वर्षी पाळी सुरू झाली. चादर धरताना ती डोळे मिटून घेते.

कॅथेटरचंही, म्हणजे या नळ्यांचंही बघा. जिल्हा रुग्णालयातून महिन्याला दीडशे मिळाल्या, तर राज्यभरातल्या या मुलांचा मिळून होणारा खर्च डायलिसिसच्या खर्चापुढे काय असेल, ते तुमच्या खात्याला नोंदवही झाल्यावरच सांगता येईल.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे पाय किशोरवयातच गेले आणि त्यांनी पुढे कितीतरी मुलांसाठी शाळा, वसतिगृह उभं केलं. त्यांची गोष्ट मी लेकीला सांगितली तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, "त्यांची नळी कोण उकळायचं?" तिला पुढे डॉक्टर व्हायचं आहे. लहान मुलांची.

सोबत माझ्या वहीची झेरॉक्स जोडली आहे, नऊ वर्षांची. लघवीच्या वेळा, किती मिली, ताप आलेले दिवस, पट्टा घातलेले तास, वळणाचे अंश, दोन हातांमधलं अंतर. अंगणवाडीचं रजिस्टर भरायची सवय असल्याने रकाने सरळ आहेत, तारखा सलग आहेत. नाव मी खोडलं आहे. शेवटची नोंद गेल्या सोमवारची : १४६ सेंटिमीटर, गेल्या वेळेपेक्षा दोनने जास्त. पुढची तपासणी मार्चमध्ये आहे, तेव्हा शस्त्रक्रियेची तारीख मिळेल. त्याआधी तुमच्या खात्यातल्या कोणी ही पानं वाचून मला फोन केला, तर उरलेले रकाने मी फोनवरच सांगेन.

आपली नम्र,
एक अंगणवाडी सेविका